काम सुटले तरी उपचार सोडू नका

अलिबाग, पेण, रोहा, उरण या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांतून कितीतरी माणसे कंपन्यांत कंत्राटी कामाला जातात. कंत्राट बदलले की महिना-दोन महिने घरी बसावे लागते. अशा वेळी ‘ईएसआयचे कार्ड आता बंद झाले’ असे समजून रक्तदाबाच्या गोळ्या थांबतात, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन पुढे ढकलले जाते. अचानक दुखणे आले तर व्याजाने पैसे काढावे लागतात. आणि पुष्कळदा कार्ड चालूच असते!

कामगार विमा हा मालकाचा उपकार नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे दिले गेले. पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचे ०.७५ टक्के पगारातून कापले जातात, ३.२५ टक्के मालक भरतो. म्हणजे आपला पैसाही त्यात आहे.

हिशोब असा

वर्षाचे दोन भाग आहेत. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर पुढच्या ३० जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस भरले असतील, तर त्यापुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत.

समजा, एक भाऊ एप्रिलपासून नागोठण्याला कामावर होता आणि ऑगस्टअखेर काम सुटले. त्याचे ७८ दिवस केव्हाच भरले. त्याला व त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला पुढच्या जूनअखेरपर्यंत उपचार मिळतील.

दिवस भरले नसतील तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला नोकरी लागत नाही. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो, योजनेतल्या रुग्णालयात ठरावीक आजारांवर दाखल होऊन वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. रेशनकार्ड व आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. चौकशीसाठी फोन १५५३८८. रोजच्या गोळ्या व तपासणी या योजनेत येत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा पेणचे उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

काम सुटण्याआधी चार गोष्टी करा

१. विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा. नव्या ठेकेदाराला तोच क्रमांक द्या, दुसरा काढू देऊ नका.
२. पगाराच्या पावत्या जपा. कपात झाली, पण पैसे भरले का, हे ईएसआय कार्यालयात विचारा. ठेकेदाराने भरले नाहीत तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही.
३. रेशनकार्डावर सून व नातवंडांची नावे आहेत का, पाहा. नसतील तर आताच चढवा.
४. कंपनीचा मेडिक्लेम असेल तर तो बहुधा नोकरीबरोबर संपतो. तीच पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेता येते का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारा.

ही कागदपत्रे पाहायला वेळ लागत नाही. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीतल्या बाया-बापड्यांचे विमा क्रमांक व रेशनकार्डे तपासून द्यावीत. दुखणे यायच्या आधी सावध राहणे, हाही अप्रमादच आहे.

जय भीम.