चित्रकला महाविद्यालय की लिबरल आर्ट्स विद्यापीठ? आधी तिथला रोजचा दिवस पाहा

मुलीची चित्रकला चांगली आहे, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आहे, वाचनाचीही आवड आहे. बारावीनंतर तिला कोल्हापूरला चित्रकला महाविद्यालयात घालायचं, की पुण्या-बंगळुरूच्या लिबरल आर्ट्स विद्यापीठाचा फॉर्म भरायचा? आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न पडला की त्याला लागूनच दुसरा येतो. भात आणि काजूच्या उत्पन्नावर किंवा एका पगारावर चालणाऱ्या घरानं चार वर्षांचा खर्च उचलला, तर शेवटी पोरीच्या हाताला काय लागणार? ही काळजी रास्त आहे. ‘आवड असली की सगळं होतं’ एवढ्या उत्तरानं ती मिटत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मार्कांवरून किंवा संस्थेच्या नावावरून हा निर्णय घेऊ नका. तिथला विद्यार्थी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतो ते समजून घ्या, आणि तसे दिवस आपलं मूल चार वर्षं आनंदानं काढेल का, यावर ठरवा.

दोन वेगळे दिवस

बारावीनंतरची बीएफए ही ललित कलेची पदवी चार वर्षांची आहे. चित्रकला महाविद्यालयातला बराचसा दिवस हातानं काम करण्यात जातो. स्थिरचित्र, निसर्गचित्र, डिझाइन, मानवी शरीराचा अभ्यास आणि पुढे पेंटिंग, शिल्प किंवा उपयोजित कला. एकच मांडणी पुन्हा पुन्हा रंगवायची, शिक्षकांनी चूक दाखवली की नवा कागद घ्यायचा, सबमिशनसाठी रात्री जागायचं. घरी वाढदिवसाची कार्डं छान रंगवणाऱ्या प्रत्येकालाच ही शिस्त रुचते असं नाही.

लिबरल आर्ट्समधला दिवस वाचन, चर्चा आणि लेखनात जातो. सुरुवातीला इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, पर्यावरण, गणित असे अनेक विषय शिकायचे आणि मग एक मुख्य आणि एक दुय्यम विषय निवडायचा. पुण्यातलं फ्लेम आणि सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स, सोनिपतचं अशोका, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ ही यातली ठळक नावं. इथे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून चालतं. मराठी माध्यमातल्या मुलांना ते जमतं, पण पहिलं वर्ष कस पाहणारं असतं. म्हणून इंग्रजीसाठी वेगळी मदत मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारा.

या वाटांनी गेलेली माणसं

कोल्हापुरात 1867 साली जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिक्षक झाले, आणि त्यांचं उभं आयुष्य त्या संस्थेत गेलं. सुधीर पटवर्धन यांनी पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलं, ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि ते सांभाळत देशातले महत्त्वाचे चित्रकार झाले. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन आधी अर्थशास्त्र शिकले, मग शांतिनिकेतनच्या कलाभवनात गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाशाखेत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळेत शिकवत होते, त्याच काळात 1967 साली त्यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आली.

पदवी कोणतीही चालते, असा याचा अर्थ काढू नका. यातल्या प्रत्येकानं वर्षानुवर्षं रोज आपलं काम केलं. कुणाला त्यासाठी संस्थेनं वेळ दिला, कुणी तो नोकरीतून काढला. अठराव्या वर्षी स्वतःहून तशी शिस्त पाळणारी मुलं थोडी. बाकीच्यांना संस्थेचा आधार लागतो.

घरी करायची पारख

कुणी सांगितलं नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही, तरी मूल सुट्टीत काय करतं? रोज स्केचबुक उघडत असेल, चित्र बिघडलं की पुन्हा काढत असेल, तर चित्रकला महाविद्यालय योग्य. चित्रापेक्षा चित्रामागची गोष्ट, माणसं आणि ‘असं का?’ हा प्रश्न त्याला जास्त ओढत असेल, तर लिबरल आर्ट्स. दोन्हीची ओढ सारखीच असेल, तर मी आधी चित्रकलेकडे झुकेन. पुस्तकं नंतरही वाचता येतात. रोज पाच-सहा तास शिक्षकांसमोर हात घडवण्याची सोय मात्र पुढच्या आयुष्यात सहसा मिळत नाही.

कागद, परीक्षा आणि पैसा

राज्यातल्या बीएफए प्रवेशासाठी सीईटी कक्षाची स्वतंत्र कला सीईटी असते. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्राचा कस लागतो, म्हणून अकरावीपासूनच सराव हवा. कोल्हापुरात कलानिकेतन, दळवीज अशा जुन्या संस्था आहेत. मुंबईचं जे. जे. 1857 पासून चालू आहे आणि आता त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. कुठल्याही संस्थेत एक प्रश्न न लाजता विचारा: हा अभ्यासक्रम पदविका आहे की पदवी? स्पर्धा परीक्षा किंवा पुढच्या शिक्षणाच्या वेळी हा फरक महागात पडू शकतो.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांची फी सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची असते. अशोका आणि अझीम प्रेमजी ही विद्यापीठं कुटुंबाचं उत्पन्न पाहून मोठी आर्थिक मदत देतात, तेव्हा फीचा आकडा पाहूनच माघार घेऊ नका. मदतीचं पत्र हातात नसताना मोठं कर्ज काढायचं मात्र ठामपणे टाळा. सरकारी योजनांसाठी महाडीबीटी पोर्टल पाहा, आणि ती संस्था योजनेत बसते का याची खात्री करा. चित्रकलेच्या बाबतीत फीइतकाच रंग, कॅनव्हास, खोली आणि मेसचा हिशेब मांडा. आजऱ्याहून कोल्हापूरला रोज ये-जा करून हे शिक्षण होत नाही.

तिसरी वाट

नव्या शैक्षणिक धोरणामुळे शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतही मुख्य विषय, दुय्यम विषय आणि इतर शाखांचे विषय अशी रचना आली आहे. आजरा महाविद्यालयासारख्या जवळच्या ठिकाणी बीए करूनही विषयांची रुंदी मिळू शकते. शिवाय 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. कोल्हापुरात चित्रकला शिकताना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करणं त्यामुळे शक्य होतं. दोन्हीकडचे नियम आधी तपासा.

पदवीनंतरच्या वाटाही अनेक आहेत. बीएनंतर पुरातत्त्व, कलेचा इतिहास, संग्रहालयशास्त्र, पत्रकारिता, कायदा असे पर्याय आहेत. उपयोजित कला शिकलेल्यांना जाहिरात, पॅकेजिंग, पुस्तकांची मांडणी, अ‍ॅनिमेशन, मोबाइल अ‍ॅपचं डिझाइन यांत काम मिळतं. चित्रकला शिक्षक व्हायचं असेल, तर त्यासाठी लागणारी पात्रता आधी पाहून घ्या.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस मुलाला घेऊन कोल्हापूरला जा. महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन असेल तर ते पाहा, शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात डोकवा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. खर्च किती येतो, काम कुठे मिळतं, कंटाळा कशाचा येतो, हे ते मोकळेपणानं सांगतील. मग घरी बसून वर्षाला किती खर्च झेपेल तो आकडा मुलासमोर स्पष्ट ठेवा. त्या मर्यादेत काय शिकायचं, हे मात्र मुलाला ठरवू द्या. चार वर्षं तिथे रोज काम त्यालाच करायचं आहे.