परदेशातल्या गावात पहिला हातभार

ठाण्यात बाळकुम नाक्यावरून कोलशेतच्या दिशेने जो नवा वस्तीचा पट्टा उभा राहिला आहे, त्यातल्या पुष्कळ घरांतली मुलं-सुना-जावई आज परदेशी आहेत. जाताना नोकरीची कागदपत्रं तयार असतात, भाड्याचं घर ठरलेलं असतं, हिंग-गूळ कुठे मिळतो हेही फोनवर कळतं. पण सहा महिने झाले तरी शेजारच्या घरात कोण राहतं ते माहीत नसतं. तिथे चांगल्या रुळलेल्या मराठी कुटुंबांशी आम्ही बोललो, तेव्हा मराठी मंडळाच्या जोडीने आणखी एक सल्ला वारंवार कानावर आला: गावातला रोटरी किंवा लायन्स क्लब गाठा.

मंडळ सोडायचं नाहीच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभं आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपती, दिवाळी अंक, मुलांची मराठी शाळा हे सगळं तिथेच मिळणार. मात्र मंडळात आपली माणसं भेटतात, आणि ज्या गावात आपण घर केलं ते गाव भेटायला दुसरी जागा लागते.

ठाण्यात रोटरी म्हटलं की डोळ्यांसमोर पदग्रहण समारंभ, हॉटेलचा हॉल आणि कोट येतो. तिकडच्या लहान गावांत चित्र वेगळं आहे. सत्तरी ओलांडलेले सभासद स्वतः खुर्च्या मांडतात, तंबू उभारतात, भांडी विसळतात. तरुण माणसं कमी झाल्याने क्लब चालवणं त्यांना जड जातं. म्हणून नव्या माणसाचं स्वागत मनापासून होतं. पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत रोटरीचा पहिला क्लब काढला तो व्यवसायातल्या मित्रांच्या बैठकीसाठी. १९०७ मध्ये त्या क्लबने पहिलं लोकोपयोगी काम हातात घेतलं ते सार्वजनिक स्वच्छतागृहाचं. ठाणे स्टेशनाबाहेर कुटुंबासह अडकलेल्या कुणालाही हे काम किती मोलाचं ते सांगावं लागणार नाही. क्लबाची ओळख अशा कामांतूनच होते, म्हणून आधी काम धरा, सभासदत्व मागाहून.

जुन्या कुटुंबांचं म्हणणं असं की पहिले काही महिने पाहुणे म्हणूनच जावं. कुठला क्लब सकाळी सातला नाश्त्याला भेटतो, कुठला दुपारी, कुठला रात्री जेवायला. रोटरीने २०१६ पासून क्लबांना बरीच मोकळीक दिली, त्यामुळे सगळेच आता दर आठवड्याला भेटत नाहीत. वर्गणी आणि जेवणाचा खर्च क्लबागणिक बदलतो. तो आधी विचारायला संकोच करू नका, तिथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शाकाहारी असाल तर येण्याच्या आदल्या दिवशी कळवा. पंच्याहत्तरीच्या गृहस्थांना नावाने हाक मारणं आपल्या जिभेला जड जातं, पण त्यांना तेच हवं असतं. आणि विम्याच्या पॉलिसी, घरांच्या स्कीम यांचा विषय काढूच नका. त्याने आपल्यामागून येणाऱ्या मराठी माणसाचंही नाव खराब होतं.

ऑस्ट्रेलियात बनिंग्ज नावाच्या हार्डवेअर दुकानांबाहेर शनिवार-रविवारी सेवासंस्था सॉसेज भाजून विकतात आणि निधी जमवतात. ब्रिस्बेनच्या एका शाकाहारी घरातल्या बाईंना पहिल्यांदा प्रश्न पडला की इथे आपण काय करायचं. त्यांनी कांद्याचा तवा मागून घेतला. दहा किलो कांदा पातळ चिरायचा आणि मऊ पण करपू न देता परतायचा हे काम आपल्या बायकांना कुणी शिकवायला नको. बनिंग्जने २०१८ मध्ये सांगितलं होतं की कांदा पावावर आधी घाला आणि सॉसेज वर ठेवा, म्हणजे कांदा जमिनीवर पडून कुणी घसरणार नाही. तो क्रम त्या आता नव्या आलेल्यांना शिकवतात. गावातला भाजीवाला, पोस्टातली बाई, मुलाचे मास्तर या सगळ्यांशी त्यांची ओळख त्या तव्याशेजारी झाली.

बोलता येत असेल तर आणखी एक वाट आहे. क्लबांना दर बैठकीला वक्ता लागतो. पोलिओवर बोला. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ब्रिटनमधले सभासद शरद ऋतूत जांभळ्या क्रोकसचे कंद लावतात, ते डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीवरच्या जांभळ्या शाईची आठवण म्हणून. पोलिओ डोसाच्या रविवारी बूथवर बाळाला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिलेली आई त्यांच्यासमोर बोलायला आली, तर त्यांच्या पैशाचं काय झालं ते त्यांना पहिल्यांदा समोर दिसतं.

आता कागदपत्रं, कारण इथे चूक महाग पडते. मुलांबरोबरच्या कामासाठी ऑस्ट्रेलियात व ब्रिटनमध्ये सरकारी पडताळणी लागते. ब्रिटनमध्ये ती स्वयंसेवकांना मोफत मिळते. अमेरिकेत एच-४ व्हिसावर असलेल्या जोडीदाराकडे कामाचा परवाना नसेल, तर त्याने केवळ सेवेचंच काम करावं. जे काम एरवी पगारावर करून घेतात, ते फुकट केलं तरी नोकरी धरली जाऊ शकते. क्लबाच्या अन्नदानात डबे भरणं वेगळं, ओळखीच्या दुकानात ‘जरा मदत’ करणं वेगळं. शंका असेल तर वकिलाला विचारा, शेजाऱ्याला नको.

ठाण्यात आधीपासून सभासद असाल तर निघण्यापूर्वी वर्गणी चुकती करून क्लबाचं पत्र घ्या आणि क्लबाच्या दोन-चार छोट्या पताका बॅगेत टाका. दुसऱ्या क्लबात पाहुणा म्हणून गेलं की पताकांची देवघेव करायची पद्धत आहे. त्यांच्या भिंतीवर ठाण्याची पताका लागली की पुढच्या वेळी नाव सांगावं लागत नाही. विशीतल्या मुलांसाठी रोटरॅक्ट आहे. १८ वर्षांपासून प्रवेश मिळतो आणि तिशीची वरची अट २०२० पासून गेली.

शहापूर-मुरबाडच्या शाळेसाठी किंवा पाणीयोजनेसाठी काही करावं ही इच्छा मनात असेल, तर ती पहिल्याच महिन्यात मांडू नका. रोटरीच्या जागतिक अनुदानाला दोन देशांतले क्लब लागतात, एक जिथे काम होणार तिथला आणि एक बाहेरचा, आणि प्रकल्पाचा खर्च किमान ३०,००० डॉलर असावा लागतो. त्यावर सही करणाऱ्या लोकांनी तुम्हाला दोन-तीन वर्षं खुर्च्या उचलताना पाहिलेलं असलं, की ठाण्याच्या क्लबाचा अर्ज घेऊन तुम्ही त्यांच्यासमोर बसू शकता.