कुंडलिकेचें फेसाळ पाणी

रबरी नावेंत बसून, खडकांमधील खळाळ ओलांडीत नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं जाण्याचा खेळ आपल्या रायगड जिल्ह्यांत गेल्या कांहीं वर्षांत फार लोकप्रिय झाला आहे. त्यास सर्वजण ‘राफ्टिंग’ म्हणतात. पनवेलहून पेण, वडखळ, नागोठणें या मार्गानें सुमारें ८० किलोमीटर गेलें म्हणजे कोलाड हें गांव लागतें, व तेथून जवळच कुंडलिका नदीवर हा खेळ चालतो. आमचे कित्येक विद्यार्थी सुट्टींत आईवडिलांबरोबर तेथें जाऊन येतात आणि त्या सहलीचें वर्णन वर्गांत मोठ्या उत्साहानें करितात. परंतु ‘तें पाणी येतें कोठून?’, ‘तें पांढरें कां दिसतें?’ आणि ‘माणूस त्यांत पडला तर त्यानें काय करावें?’ असे तीन प्रश्न आम्हीं विचारले म्हणजे वर्ग शांत होतो. विद्यार्थिमित्रहो, याच तीन प्रश्नांचा विचार या लेखांत करावयाचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर केवळ कोलाडास जाणाऱ्यांनींच नव्हे, तर पावसाळ्यांत गाढी नदीच्या कांठीं फिरणाऱ्या प्रत्येक मुलानें व त्याच्या पालकांनीं जाणलें पाहिजे.

१. पाणी कोठून येतें?

कोंकणांतील नद्या लांबीनें आखूड व उतारानें तीव्र आहेत. सह्याद्रीच्या कड्याखालीं त्या उगम पावतात आणि थोड्याच अंतरावर समुद्रास मिळतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांस मोठे लोंढे येतात. पण तेंच पात्र उन्हाळ्यांत पाहावें तों गोटे उघडे पडलेले असतात. कुंडलिका ही अशीच एक नदी. ती भिऱ्याच्या बाजूनें निघून, कोलाड व रोहें यांवरून वाहत जाऊन रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. मग हिंवाळ्यांत, किंबहुना भर उन्हाळ्यांतही, तिच्यांत नाव वाहून नेण्याइतकें पाणी कोठून येतें?

याचें उत्तर सह्याद्रीच्या पलीकडे, पुणें जिल्ह्यांत आहे. तेथें मुळशी येथें मुळा नदीवर टाटा कंपनीनें बांधलेलें धरण आहे. मुळा ही स्वभावतः पूर्ववाहिनी. तिचें पाणी मुठेस मिळून पुढें भीमेंत, भीमेंतून कृष्णेंत व अखेर बंगालच्या उपसागरांत जावयाचें. परंतु धरणानें अडविलेलें हें पाणी बोगद्यांतून व प्रचंड नळांतून सह्याद्रीच्या पश्चिम अंगास उतरविलें आहे. सुमारें ५०० मीटर खालीं, भिरा येथील विद्युद्गृहांत, तें चक्रें फिरवितें व नंतर कुंडलिकेच्या खोऱ्यांत येतें. हें विद्युद्गृह १९२७ सालीं सुरू झालें. भिऱ्याच्या खालीं रवाळजे येथें तेंच पाणी पुन्हां अडवून वीज निर्माण करितात, आणि तेथून तें ठरलेल्या वेळीं नदीच्या पात्रांत सोडतात. त्या पाण्यावरच नावा चालतात.

येथें थोडें गणित करूं. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० लिटर, व त्याचें वजन १००० किलोग्रॅम. तें ५०० मीटर खालीं आलें म्हणजे सुमारें ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचें एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वाटेंत होणारी घट वजा केली तरी एक घनमीटर पाण्यामागें एक युनिटाहून थोडी अधिक वीज हातीं येते. १०० वॅटचा दिवा दहा तास जळण्यास एक युनिट लागतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एका दिव्यामागें किती पाणी डोंगर उतरून येतें याची कल्पना येईल. आपल्या शेजारच्या पाताळगंगेची गोष्टही अशीच आहे. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या विद्युद्गृहांतून तिच्या पात्रांत उतरत आहे.

परंतु या पाण्याची किंमत कोणी दिली, हेंही विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. मुळशीच्या धरणांत सुमारें पन्नास गांवांच्या जमिनी जावयाच्या होत्या. त्याविरुद्ध तेथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी होते, व ‘सेनापति’ हें नामाभिधान त्यांस याच लढ्यांत प्राप्त झालें. स्त्रियांनीं व पुरुषांनीं तुरुंगवास सोसला. १९२४ पर्यंत लढा चालला, तरी धरण थांबलें नाहीं. भाताचीं खाचरें, घरें, देवळें पाण्याखालीं गेलीं. आज ज्या पाण्यावर आपली नाव आनंदानें उड्या घेते, तें पाणी कोणाच्या तरी शेतावरून आलेलें आहे. एवढी जाणीव ठेवून त्या नदीवर जावें, तिच्या कांठीं कागद व बाटल्या टाकूं नयेत, हें सांगण्याची गरज पडूं नये.

२. नावेचा इतिहास

खळाळांतून नाव नेण्याची विद्या मनुष्यास फुकट मिळाली नाहीं. अमेरिकेंतील जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञानें १८६९ सालीं नऊ सोबती व चार लांकडी नावा घेऊन कोलोराडो नदीच्या अज्ञात दरींतून प्रवास केला. त्याचा एक हात युद्धांत गेलेला होता. आरंभींच एक नाव खडकावर आपटून फुटली. एक सोबती लौकरच परत गेला. आणि प्रवास संपण्यास अवघे दोन दिवस उरले असतां तिघे, पुढील खळाळास भिऊन, नदी सोडून डोंगरावर चढले, ते पुन्हां कोणास दिसले नाहींत. जे नावेबरोबर राहिले ते सुखरूप बाहेर आले.

पॉवेलचे वल्हेकरी त्या काळच्या रीतीप्रमाणें प्रवाहाकडे पाठ करून बसत, त्यामुळें पुढचा खडक त्यांस दिसत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गॅलोवे नांवाच्या नावाड्यानें ही रीत उलटी केली. त्यानें तोंड प्रवाहाच्या दिशेस केलें, आणि संकटाकडे पाहत पाहत वल्हें मारून नावेचा वेग आंवरण्यास आरंभ केला. सुधारणा एवढीशी, पण तिनें पुष्कळांचे प्राण वांचविले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या शिलकी रबरी नावा स्वस्त मिळूं लागल्या, आणि हा शोधकांचा मार्ग सामान्य लोकांचा खेळ बनला. रबरी नावेंत हवेचे अनेक स्वतंत्र कप्पे असतात. एक फुटला तरी बाकीचे तिला तारून धरितात.

३. पाणी पांढरें कां दिसतें?

खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो, पण तो खलांत कुटला म्हणजे भुकटी पांढरी होते. खळाळाचेंही तसेंच आहे. वेगानें येणारें पाणी खडकावर आपटून त्यांत हवा कोंडली जाते व असंख्य बुडबुडे होतात. प्रत्येक बुडबुड्यावरून प्रकाश सर्व दिशांस परततो, म्हणून फेस पांढरा दिसतो. यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. फेसांत हवा अधिक असल्यामुळें तो पाण्याहून हलका असतो, व त्यांत मनुष्याचें शरीर नेहमींइतकें तरंगत नाहीं. संथ विहिरींत पट्टीचा पोहणारा फेसांत गटांगळ्या खातो तो यामुळेंच. म्हणून पोहतां येवो अथवा न येवो, अंगांत तरंगतें जाकीट हवेंच.

पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोर चौपट होतो. गुडघ्याएवढें धांवतें पाणीही धडधाकट माणसाला पाडूं शकतें, तें या नियमानें. नदीचा प्रवाह मध्यभागीं व पृष्ठभागावर अधिक वेगवान असतो, तळाशीं व कांठाशीं घर्षणामुळें मंद असतो. वळणावर बाहेरच्या अंगास पाणी खोल व जलद असतें.

जाणता नावाडी पाणी वाचतो, तें असें. पाण्याची गुळगुळीत जीभ बाणाच्या टोंकासारखी खालच्या दिशेस रोंखलेली दिसली तर दोन्हीं बाजूंस खडक असून मधून वाट मोकळी आहे, असें समजावें. बाणाचें टोंक वरच्या दिशेस असेल तर त्या टोंकाशीं खडक दडलेला आहे. मोठ्या खडकाच्या पाठीमागें पाणी उलटें, वरच्या दिशेस वळून येतें. ही नदींतली विसाव्याची जागा, व नावाडी तेथें नाव लावून पुढचा मार्ग पाहतो. परंतु पाणी सरळ खालीं पडून पुन्हां मागें वळतें, तेथें रवीखालच्या ताकाप्रमाणें सारखी घुसळण चालते व सांपडलेली वस्तु त्यांतच फिरत राहते. बंधाऱ्याच्या पायथ्याशीं ही घुसळण या कांठापासून त्या कांठापर्यंत अखंड असते. वरून पाहतां तें पाणी निरुपद्रवी वाटतें, आणि म्हणूनच तें फार घातक ठरतें.

खळाळांचे कठीणपणाप्रमाणें सहा वर्ग मानले आहेत. पहिल्यांत नुसत्या लहरी. सहाव्यांत तज्ज्ञाच्याही जिवास धोका. कुंडलिकेवरील खळाळ सामान्यतः दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांतले आहेत. मात्र हा वर्ग नदीवर कायमचा कोरलेला नसतो. पाणी वाढलें कीं तोच खळाळ वरच्या वर्गांत जातो.

४. नावेंतील शिस्त

गेल्या नाताळच्या सुट्टींत आम्ही वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांस, पालकांची लेखी संमति घेऊन, कुंडलिकेवर घेऊन गेलों. सकाळीं पोंचलों तेव्हां पात्रांत गोटेच अधिक होते. एका मुलानें मार्गदर्शकास विचारलें, “दादा, आज पाणी सोडलेंच नाहीं तर?” “तर आज तुम्हांला सुट्टी आणि आम्हांलाही,” तो हंसून म्हणाला. थोड्या वेळानें पाणी गोट्यांवर चढूं लागलें. जाकिटांचे पट्टे त्यानें स्वतः एकेक करून ओढून पाहिले, डोक्यावर टोप चढविले, आणि ‘पुढें’, ‘मागें’, ‘थांबा’ या हुकुमांची जमिनीवरच उजळणी करून घेतली.

पहिल्या खळाळांत भीतीनें मुलांचे हात थांबले. वल्हीं वर राहिलीं, नाव आडवी फिरली व सर्वांगावर पाणी आलें. खालच्या संथ पाण्यांत मार्गदर्शकानें सांगितलें, “भीति वाटली म्हणून वल्हें थांबवूं नका. नाव पाण्याच्याच वेगानें चालली कीं ती पाण्याची होते. पाण्याहून थोडी जलद किंवा थोडी हळू चालेल तेव्हांच ती आपली.” भौतिकशास्त्राच्या तासास इतकें सोपें वाक्य आम्हांसही सुचलें नसतें. पुढच्या खळाळांत आठ वल्हीं एकदम पडलीं, आणि नाव जिभेच्या मधोमध सरळ उतरली. बलवान मुलानें एकट्यानें जोर केला तर नाव फिरते. दुबळ्यानेंही इतरांच्या ठेक्यांत वल्हें मारलें तर ती पुढें जाते. सुमारें १२ किलोमीटरांचा तो प्रवास दीडदोन तासांत संपला. मध्यें एका संथ डोहांत करंजांच्या सावलीखालीं मुलांना पाण्यांत उतरवून पडल्यावर कसें तरावें, याचा पाठ दिला.

५. पाण्यांत पडल्यास काय करावें?

तो पाठ असा. पाठीवर निजावें. पाय पुढें, म्हणजे वाहत्या दिशेस करावे व वर उचलून ठेवावे, म्हणजे खडक आला तर पाय लागतील, डोकें लागणार नाहीं. धांवत्या पाण्यांत उभें राहण्याचा यत्न कधींही करूं नये. पाय दगडांच्या फटींत अडकला तर पाण्याचा लोट माणसाला त्यावरच दाबून धरितो. कांठ जवळ आला म्हणजे तिरपें पोहत जावें. कोणी दोरी फेंकली तर ती छातीशीं धरावी, हाताला गुंडाळूं नये. आणि बुडणाऱ्यास वांचविण्यासाठीं आंधळेपणानें पाण्यांत उडी घेऊं नये. दोरी, ओढणी, काठी, रिकामा डबा यांपैकीं जें हातीं येईल तें त्याच्याकडे फेंकावें.

आतां आपल्या घराजवळील पाण्याकडे वळूं. पावसाळ्यांत खारघरचा पांडवकडा, माथेरानच्या पायथ्याचे ओढे व गाढी नदी यांकडे तरुण मंडळी लोटतात. बंदीचे हुकूम निघतात, आणि तरीही अनेक घरांतील मुलें परत आलेलीं नाहींत. ‘कोलाडच्या खळाळांत कांहीं झालें नाहीं, मग या ओढ्याचें काय?’ हा विचार घातक आहे. कोलाडास पाणी मोजून सोडलेलें असतें, खडक माहीत असतात, अंगांत जाकीट असतें, खालीं दोरी घेऊन माणूस उभा असतो. पावसाळी ओढ्यांत यांपैकीं एकही गोष्ट नसते. येथें ऊन असेल तेव्हां वर डोंगरावर ढग फुटत असेल; तें पाणी कांहीं मिनिटांत खालीं येतें. पाणी एकाएकीं गढूळ झालें, पाला व काटक्या वाहूं लागल्या, किंवा आवाज बदलला, तर चपलांचाही विचार न करितां उंच जागीं जावें. पुलावरून पाणी जात असल्यास तो ओलांडूं नये. २ ऑगस्ट १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं, याच जिल्ह्यांत महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरांत कोसळून दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या. दगडी पुलाची ही गत, तेथें माणसाची काय कथा!

पालकांस एक विनंति. मुलांना पाण्यापासून सदैव दूर ठेवणें हा उपाय नव्हे. त्यांस पोहणें शिकवावें व पाणी वाचावयास शिकवावें. राफ्टिंगला नेण्यापूर्वीं तेथील चालकास तीन गोष्टी विचाराव्या: आज पाणी किती व केव्हां सुटणार? जाकीट व टोप प्रत्येकाच्या मापाचे आहेत काय? नाव उलटल्यास मदतीस दुसरी नाव बरोबर आहे काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक नसतील तर कोलाडपर्यंत गेलेलें असतांही कांठावर डबा खाऊन परत यावें. मुलें थोडा वेळ रुसतील. पण तीं घरीं परत आलेलीं असतील.