रांगेत उभे राहणारे रेणू

मुलांनो, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचे फोटो तुम्ही पाहिले आहेत का? त्यांपैकी बहुतेकांत निळे आकाश पांढरे दिसते आणि लाल कपडे काळे दिसतात. असे का होत असे?

फोटोच्या फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो. त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे अगदी बारीक स्फटिक असतात. प्रकाश पडला की स्फटिकांत बदल होतो व त्यातून चित्र तयार होते. पण या स्फटिकांवर फक्त निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होतो. हिरवा आणि लाल प्रकाश त्यांना जणू दिसतच नाही.

1873 साली जर्मनीतील हर्मान फोगेल यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी स्फटिकांच्या थरात थोडे रंजकद्रव्य मिसळले. त्याचे रेणू स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटतात, प्रकाश शोषतात आणि स्फटिकाला इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे तेथे चांदीचे अणू तयार होतात. हीच चित्राची सुरुवात!

खरी गंमत पुढेच आहे. हे रेणू एकएकटे राहत नाहीत. ते समूह करतात. गवंडी भिंत बांधताना वरची वीट थोडी सरकवून ठेवतो. रेणू तसे बसले, तर हिरवा प्रकाश शोषणारे रेणू पिवळा प्रकाश शोषू लागतात. पण नाण्यांच्या चळतीसारखे बरोबर एकावर एक बसले, तर ते निळ्या बाजूचा प्रकाश शोषतात. रेणू तेच, फक्त बसण्याची रीत वेगळी!

विटांसारखे समूह 1936 च्या सुमारास इंग्लंडमधील एडविन जेली आणि जर्मनीतील गुंटर शाइबे यांनी स्वतंत्रपणे शोधले. जेलींच्या नावावरून त्यांना ‘जे-समूह’ म्हणतात. हे समूह प्रकाशाचा अरुंद पट्टाच निवडतात. म्हणून रंगीत फिल्मच्या वेगवेगळ्या थरांत वेगवेगळे रंग नीट पकडता येतात. मात्र रंजकद्रव्य मोजूनच घालावे लागते. ते फार झाले, तर फिल्म उलट मंद होते.

आज बहुतेक फोटो मोबाइलवर काढले जातात. तरीही फिल्म अजून बनते आणि तिच्या स्फटिकांवर हे रेणू आजही शिस्तीत उभे असतात.

शब्दार्थ
रंजकद्रव्य – रंग देणारा पदार्थ
चळत – एकावर एक रचलेला ढीग
गवंडी – भिंत बांधणारा कारागीर

स्वाध्याय
1. जुन्या फोटोंत लाल कपडे काळे का दिसत?
2. रेणूंच्या बसण्याच्या दोन रीती कोणत्या? त्यांतील फरक सांगा.