नाडी सैल करा, रंग गडद ठेवा

परकराच्या नाडीने कमरेवर उमटलेला काळपट वळ आपल्याकडे कोणी दुखणं मानत नाही. माझ्या आईच्या कमरेवर तो होता, सासूबाईंच्या आहे. शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा विषय निघाला, तर रोज साडी नेसणाऱ्या आम्हा सगळ्याजणींच्या कमरेवर तो निघाला. "असायचाच तो," असं म्हणून विषय तिथेच संपला. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईने छान कसं राहावं यावर लिहायला बसले आहे आणि सुरुवात या वळापासून करते आहे. कारण साडीच्या आत सारं ठीक नसेल, तर वरची पैठणीसुद्धा बाईला मोकळेपणाने वावरू देत नाही.

माझी पाळी जायच्या बेतात होती, तेव्हाची गोष्ट. आपल्या देशात साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते. त्याच्या आधीपासूनच शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होत जातं आणि मांड्यांवर, नितंबांवर बसणारी चरबी पोटावर बसू लागते. वजनाचा काटा फारसा हलत नाही, पण कमरेचा घेर वाढतो. माझाही वाढला. परकर मात्र तेच होते आणि नाडीची गाठ वर्षानुवर्षं उजव्या कुशीवर, एकाच जागी. त्यात पाऊस लागला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पडवीत दोऱ्या बांधल्या तरी जाड कापड आठवडाभर ओलसरच राहतं. दमट परकर, दिवसभर फळ्यासमोर उभं राहणं, मधेच अंगातून उसळणारी वाफ आणि घामाने भिजलेली कंबर. गाठीखालची कातडी आधी खाजू लागली, मग चकाकू लागली आणि शेवटी तिची साल निघाली.

शेजारणीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलमध्ये ती चिठ्ठीशिवाय मिळाली. चार दिवस आग थांबली आणि मग पोटावर, जांघेत गोल चट्टे पसरत गेले. अखेर त्वचारोगतज्ज्ञ गाठली. ती माझीच एके काळची विद्यार्थिनी निघाली. तिने ट्यूब पाहिली आणि म्हणाली, "बाई, यात स्टिरॉइड आहे. खाज दबते, पण खाली नायटा वाढतच राहतो. ही आजच बंद करा. आणि नाडी रोज एकाच जागी बांधता ना? आधी ती सोडा, औषधाचं नंतर बघू." तिने मला नीट समजावलं, की माझ्या कमरेवर दोन वेगळी दुखणी होती. एक घासून झालेली जखम आणि दुसरी ओलाव्यावर पोसलेली बुरशी. स्टिरॉइडच्या मलमांमुळे हट्टी झालेला नायटा आज देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांची डोकेदुखी झाला आहे. तेव्हा पावसाळ्यात खाज सुटली, तर शेजारणीची ट्यूब घेऊ नका. मनापासून सांगते.

तिनेच मला आणखी एक गोष्ट सांगितली. २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन बायकांची हकीकत मांडली. एक सत्तरीची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्ष न भरणारी जखम होती, परकर नेहमी घट्ट बांधलेला. दुसरी साठी उलटून गेलेली, चाळीस वर्षं परकराशिवाय कमरेला आवळून लुगडं नेसणारी. दोघींच्याही जखमेत त्वचेचा कर्करोग निघाला आणि दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. सतत घासून कातडी पातळ होते, फाटते, भरत येते, पुन्हा फाटते, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या या झिजेत क्वचित कधी असं होतं. क्वचितच होतं, हे मुद्दाम सांगते. घाबरून साडी सोडायचं कारण नाही. पण कमरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवायला हवी. त्या दोघींनी फार उशीर केला. आपल्याकडे कमरेचं दुखणं बायका दाखवत नाहीत, तसाच.

मी बरी झाले. पण त्या काळात भेटेल त्या बाईने मला दोनच सल्ले दिले. एक, "आता साड्या पुरे, घरी गाऊन आणि बाहेर काहीतरी ढगळ." दुसरा, "या वयात नटायचं तरी कोणासाठी?" दोन्हींचा मला राग आला आणि अजून येतो. शरीर बदललं, तर कपडा बदलावा. बाईने स्वतःला गुंडाळून का ठेवावं?

पहिला बदल परकरात केला. बारीक नाडीऐवजी दोन-अडीच इंच रुंद सुती कमरपट्टी लावून घेतली. बाजूला हूक, आणि तेही दोन मापांवर, कारण सकाळचं पोट आणि जेवणानंतरचं पोट सारखं नसतं. भार रुंद जागेवर वाटला गेला, की साडी तितकीच पक्की बसते आणि कातडीला काच लागत नाही. नाडीचाच परकर हवा असेल, तर गाठ रोज वेगळ्या बाजूला घ्या, बोट सहज आत जाईल इतकी सैल ठेवा आणि घरी आल्या आल्या सोडा. हल्ली लग्नसराईत साडीखाली घालायची घट्ट, ताणणारी शेपवेअर सर्रास मिळतात. निऱ्या सुंदर बसतात, हे खरं. तासा-दोन तासांच्या समारंभाला घाला. पण मे महिन्यातल्या कोकणातल्या लग्नात, मांडवातल्या उकाड्यात, सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या पंगतीपर्यंत ते अंगात ठेवू नका. माझ्या नात्यातल्या एकीला त्यातूनच मांड्यांवर घामोळं आणि पाठोपाठ नायटा झाला.

ब्लाऊजबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण बाईचं रूप तिथे ठरतं. बहुतेकजणी शिंप्याला जुना ब्लाऊज देतात आणि "याच मापाचा" म्हणतात. तो ब्लाऊज आठ-दहा वर्षांपूर्वीच्या अंगाचा असतो. मग मुंढा काचतो, दंडावर बाही रुतते, हुकांच्या मध्ये फट पडते आणि पदर सारखा पुढे ओढावा लागतो. सारखा पदर ओढणारी बाई अस्वस्थ दिसते, आणि आपण समजतो की वय दिसतंय. आधी ब्राचं माप नव्याने घ्या. छातीखालचा पट्टा आधार देतो, खांद्याचे पट्टे नाही. खांद्यावर खोल वळ पडत असतील, तर छातीखालचा पट्टा सैल आहे असं समजा. नवी ब्रा घालूनच शिंप्याकडे जा आणि माप अंगावर घ्यायला सांगा. गळा पुढून खोल हवा असेल, तर मागून थोडा वर घ्या, म्हणजे खांदा घसरत नाही. बाही कोपराच्या वर दोन-तीन बोटं आली, की दंड झाकला जातो आणि हातही मोकळा राहतो. पण दंड झाकलाच पाहिजे असं कुठे आहे? उन्हाळ्यात बिनबाह्यांचा सुती ब्लाऊज घालणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईंकडे पाहून मला नेहमी बरं वाटतं. त्या साठीच्या आहेत. अस्तर सुतीच लावा आणि शिवण्याआधी ते कापडासकट पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि ब्लाऊज चुरमडतो.

कापड निवडताना दुकानातला आरसा फसवतो, कारण दुकानात एसी असतो. कापूस हवेतून आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिस्टर जॉर्जेट धुतल्यावर चटकन वाळतं, पण घाम तसाच अंगावर राहतो. ज्या वयात अंगातून अचानक वाफा निघतात, त्या वयात तो कपडा भर वर्गात आपल्याला रडवतो. पावसाळ्यात मात्र जाड सुतीही कामाचं नाही, ते वाळत नाही. मी पातळ मलमल, लिनन मिसळलेलं सुती आणि हातमागाच्या हलक्या साड्यांवर आले. रेयॉन छान पडतं, पण ओलं असताना त्याचा धागा कमजोर होतो, म्हणून ते पिळू नका. आतले कपडे मात्र पूर्ण वाळल्याशिवाय घालायचे नाहीत. वाळले नाहीत, तर इस्त्री फिरवा.

रेशमी साड्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. खारी हवा जरीचे काठ काळे करते आणि प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. मलमलच्या फडक्यात गुंडाळा, पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये सावलीत वारा द्या आणि घडी बदलून ठेवा. नाहीतर साडी घडीवरच विरते.

आता रंग. "तुझ्या वयाला हे शोभत नाही," हे वाक्य रंगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त ऐकू येतं. राखाडी, फिकट पिस्ता, मातकट, एवढेच काय ते आपल्या वाट्याचे. ही सवय कुठून आली, ते आठवून पाहावं. रंगावरून बाईची जागा ठरवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. विधवेला केशवपन आणि आलवणाचं लाल लुगडं ही ती रीतच होती. ती मोडणाऱ्यांना किंमतही मोजावी लागली. आपल्याच जिल्ह्यातल्या देवरूखच्या गोदूबाई जोशी लहान वयात विधवा झाल्या, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ते आलवण गेलं, हे आपलं भाग्य. पण बाई अमुक वयाची झाली की तिने रंग उतरवावा, ही अपेक्षा अजून घरोघरी आहे. ती पाळण्याचं बंधन आपल्यावर नाही. केस पांढरे होऊ लागले की चेहऱ्याभोवतीचा काळा रंग हलका होतो, आणि फिकट कपड्यात चेहरा आणखी फिका दिसतो. गडद निळा, जांभळा, मोरपंखी, लालभडक कुंकवाचा रंग तेव्हा खुलतो. मी इरकलच्या गडद साड्यांवर उठावदार खणाचे ब्लाऊज शिवून घेतले. साड्या जुन्या, बदलला फक्त ब्लाऊज.

केसांना रंग लावायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. लावणार असाल, तर कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा. काळ्या रंगांत आणि 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत असलेल्या पीपीडी या रसायनाने डोळे सुजून बंद झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. वर्षानुवर्षं काही न होता एखाद्या दिवशी अचानक होतं.

रोज साडीच नेसली पाहिजे, असंही नाही. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानुसार शिक्षिकांना साडीबरोबर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा घालता येतो. पावसाच्या दिवसांत मी तेच घालते. कुर्ता गुडघ्याखाली, बाजूची चीर उंच, आत सरळ सुती पँट. बंद गळ्याची, कॉलरची फॅशन आली आहे, तिच्यापासून वाफा येणाऱ्या बाईने लांबच राहावं. पुढे चार बटणं उघडता आली पाहिजेत. पायात मात्र पट्ट्याची, रबरी तळाची चप्पल. जांभ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि पाळी गेल्यावर ठिसूळ होत जाणारी हाडं, हे लक्षात ठेवून उंच टाचा मी कार्यालयातल्या सपाट फरशीपुरत्याच ठेवल्या आहेत.

शेवटी शिंप्याबद्दल. गणपती तोंडावर आले, की राम आळीत आणि मारुती मंदिराजवळ ब्लाऊज शिवणाऱ्या कोणालाच श्वास घ्यायला वेळ नसतो. तेव्हा टाकलेलं काम जुन्या मापावर उरकलं जातं. आषाढात जा. त्या दिवसांत शिंपी निवांत असतात, दोनदा फिटिंग बघू देतात. दोन्ही बाजूंना निदान इंचभर माया ठेवायला सांगा आणि ती कापून टाकू नका असं बजावा. पुढच्या वर्षी तुमचं माप बदललेलं असेल, तेव्हा शिवण उसवून ब्लाऊज सैल करता येईल.