नसबंदीनंतरची पाळी आणि ओटीपोट

स्त्री नसबंदीत गर्भपिशवीच्या दोन्ही नळ्या बंद केल्या जातात. अंडाशय जागेवर राहतात, संप्रेरके पूर्वीसारखीच तयार होतात आणि पाळीही येत राहते. नळी बंद करण्याच्या रीती मात्र वेगवेगळ्या आहेत, आणि आपल्यावर कोणती वापरली हे पुष्कळ बायकांना कोणी सांगतच नाही.

ज्याला टाक्याचे ऑपरेशन म्हणतात, त्यात पोटावर लहान छेद घेऊन नळीचा वेढा उचलतात, दोऱ्याने बांधतात आणि वरचा भाग कापून टाकतात. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत, गर्भपिशवी अजून वर असताना, हे बेंबीजवळून करता येते. सिझेरियन असेल तर त्याच वेळी उरकते. बिनटाक्याच्या ऑपरेशनात दुर्बिणीतून नळीवर सिलिकॉनची रिंग किंवा क्लिप चढवतात. काही ठिकाणी विजेने नळी जाळतात. रिंगमध्ये चिमटलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, त्यामुळे पहिले काही दिवस ओटीपोटात कळा जास्त येतात.

यातली कोणतीही रीत शंभर टक्के खात्रीची नाही. अमेरिकेतील ‘क्रेस्ट’ अभ्यासात १९७८ ते १९८६ या काळात ऑपरेशन झालेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद ठेवली गेली. दहा वर्षांत दर हजारी गर्भ राहिला तो बाळंतपणानंतर नळी कापलेल्यांत सुमारे ७.५, रिंगवाल्यांत १७.७, तर त्या काळच्या स्प्रिंग क्लिपवाल्यांत ३६.५. राहिलेल्या गर्भांपैकी जवळपास एक तृतीयांश नळीतच वाढले, आणि तशी नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. म्हणून ऑपरेशनला कितीही वर्षे झाली असोत, पाळी चुकली, एका बाजूला दुखू लागले, चक्कर आली, तर त्याच दिवशी तपासणी हवी.

पाळीच्या तक्रारींची गोष्ट वेगळी. प्रस्तुत लेखिकेने सहा वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या होत्या. रिंग बसवल्यावर त्या बंद झाल्या आणि तिसऱ्या महिन्यापासून अंगावरून खूप जाऊ लागले, गाठी पडू लागल्या. घरात सगळा दोष ऑपरेशनला दिला गेला. एका खासगी दवाखान्यात तर पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारले, गोळ्यांपूर्वी पाळी कशी होती? ती अशीच होती. गोळ्यांनी तिला इतकी वर्षे आवरून धरले होते. सोनोग्राफीत दोष निघाला नाही, हिमोग्लोबिन मात्र ८ वर आले होते. लोह आणि रक्तस्राव कमी करणारे औषध यांवर सहा महिन्यांत निभावले. पिशवी शाबूत राहिली.

हा अनुभव अपवादात्मक नाही. ‘क्रेस्ट’मध्येच, नसबंदी झालेल्या स्त्रियांची तुलना नवऱ्याची नसबंदी झालेल्या स्त्रियांशी केली, तेव्हा ऑपरेशनने रक्तस्राव किंवा पाळीतल्या वेदना वाढल्याचे आढळले नाही, फक्त पाळीची अनियमितता थोडी जास्त दिसली. अंगावरून पांढरे जाणे बहुधा जंतुसंसर्गामुळे असते. अंग बाहेर येणे हे बाळंतपणे आणि जड ओझी यांचे फळ. नसबंदीत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंना कोणी हात लावत नाही.

तरीही अशा तक्रारींवर गर्भपिशवी काढून टाकणे सोपे ठरते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तारुण्यात काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा यातली भयानकता दिसली. अंडाशय ठेवले तरी पिशवी गेल्यावर रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. औषधे आणि रक्तस्राव कमी करणारी संप्रेरकाची तांबी हे उपाय त्याआधी करून पाहावेत.

ऑपरेशनपूर्वी आपली पाळी कशी येते, गोळ्या किंवा तांबी किती वर्षे होती, हे लिहून न्यावे. कोणत्या रीतीने नळी बंद करणार ते विचारावे आणि डिस्चार्ज कार्डावर ते नोंदवून घ्यावे. नवऱ्याच्या सहीची सक्ती नाही. नसबंदीचे प्रमाणपत्र ऑपरेशननंतरच्या पाळीनंतर मिळते. ते आणून जपून ठेवावे, कारण ऑपरेशन फसले तर भरपाईसाठी तेच लागते.