ग्रँड कॅन्यनमधील गाढवे

गाढव म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर विटा किंवा वाळू वाहणारा, पाठीवर फटके खाणारा मुका प्राणी उभा राहतो. याच प्राण्याला मारावे की राखावे, या प्रश्नावर अमेरिकेत अनेक दशके वाद चालू आहे. तो नुसता भूतदयेचा वाद नाही. त्यात जीवशास्त्र आहे, कायदा आहे आणि थोडे चक्रवाढीचे गणितही आहे.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोराडो नदीने खडक कापून एक प्रचंड घळ तयार केली आहे. तिचे नाव ग्रँड कॅन्यन. तिची खोली काही ठिकाणी 1.6 किलोमीटरच्या वर आहे. एकोणिसाव्या शतकात येथे खनिजे शोधणारे लोक सामान वाहण्यासाठी गाढवे आणीत. गाढवाला स्पॅनिश भाषेत ‘बुर्रो’ म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचे ‘बरो’ केले. खनिजांचा शोध थंडावला, माणसे निघून गेली आणि गाढवे तेथेच मोकाट राहिली.

ती मेली कशी नाहीत? कारण वाळवंट हेच त्यांचे मूळ घर. पाळीव गाढवाचे पूर्वज म्हणजे ईशान्य आफ्रिकेतील रानगाढवे. शरीराच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के इतके पाणी घटले तरी गाढव तग धरते आणि पाणी मिळताच काही मिनिटांत ती तूट भरून काढते.

येथे एक फरक लक्षात ठेवा. कच्छच्या छोट्या रणातील ‘घुडखर’ हा खरा वन्य प्राणी. माणसाने त्याला कधी माणसाळवलेच नाही. ग्रँड कॅन्यनमधील गाढवे मात्र पाळीव प्राण्यांचे रानात वाढलेले वंशज. दिसायला दोन्ही रानातच, पण कायद्याच्या आणि उद्यानाच्या दृष्टीने त्यांचे स्थान अगदी वेगळे.

1919 मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले. मूळच्या निसर्गाचे रक्षण करणे हे उद्यानाचे काम. गाढवे झुडपे ओरबाडतात, उतारावरची माती त्यांच्या खुरांनी सुटते, झऱ्यांभोवती तुडवातुडव होते आणि मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचा चारा कमी होतो, असा अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. म्हणून 1924 ते 1969 या काळात तेथे सुमारे 2,800 गाढवे मारण्यात आली. गोळी घालणाऱ्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण रानमेंढीची बाजूही खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

तरीही गाढवे संपली नाहीत! का, ते वहीत मांडून पाहा. चारापाणी पुरेसे असेल तर अशा मोकाट कळपांची संख्या वर्षाला 15 ते 20 टक्क्यांनी वाढू शकते. 20 टक्के धरा. 100 गाढवांची पहिल्या वर्षी 120 होतील, दुसऱ्या वर्षी 144, तिसऱ्या वर्षी सुमारे 173 आणि चौथ्या वर्षी 207. म्हणजे चार वर्षांत दुप्पट. अर्धा कळप मारला तरी चार वर्षांत पुन्हा तेवढाच. शिवाय मागे उरलेल्यांच्या वाट्याला चारा जास्त येतो, त्यामुळे शिंगरे अधिक जगतात. पंचेचाळीस वर्षांच्या गोळीबाराला या गणिताचे भान नव्हते.

दरम्यान नेवाडा राज्यातील वेल्मा जॉन्स्टन या बाईंनी रानात फिरणाऱ्या घोड्यांच्या कत्तलीविरुद्ध मोहीम चालवली होती. तुमच्याच वयाच्या शाळकरी मुलांनी सरकारकडे पत्रांचा पाऊस पाडला. त्यातून 1971 मध्ये कायदा झाला. सरकारी कुरणांवर आणि वनखात्याच्या जमिनीवर मोकाट घोड्यांना व गाढवांना संरक्षण मिळाले. पण राष्ट्रीय उद्याने त्या कायद्यातून वगळलेली होती. कुंपणाच्या एका बाजूला गाढव मारणे हा गुन्हा, दुसऱ्या बाजूला ते सरकारी कामकाज!

म्हणूनच सत्तरीच्या अखेरीस ग्रँड कॅन्यनमधील उरलेली गाढवे गोळ्या घालून संपवण्याचा बेत होऊ शकला. तेव्हा क्लीव्हलंड ॲमरी या लेखकाच्या ‘फंड फॉर ॲनिमल्स’ या संस्थेने त्यांना जिवंत बाहेर काढण्याची जबाबदारी घेतली. घोडेस्वारांनी गाढवे पकडायची आणि हेलिकॉप्टरने ती दोरांना टांगून घळीच्या काठावर आणायची. 1980च्या सुमारास अशी 577 गाढवे वाचली. अनेकांना लोकांनी पाळण्यासाठी नेले, तर काही टेक्सास राज्यातील संस्थेच्या आश्रयस्थानी गेली.

पण हेलिकॉप्टर सगळीकडे कसे परवडणार? म्हणून दुसरा मार्ग निघाला, तो लशीचा. डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातील प्रथिने मादीला टोचली की तिचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. ती तिच्या स्वतःच्या बीजांडाच्या आवरणालाही चिकटतात आणि शुक्रजंतूला आत शिरता येत नाही. लस दुरून बंदुकीने मारलेल्या सुईतूनही देता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ॲसाटीग बेटावर मोकाट घोड्यांची संख्या अशाच लशीने आटोक्यात आणली गेली. मात्र लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. विस्तीर्ण वाळवंटात प्रत्येक मादी शोधणार कोण?

आपल्याकडे उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा खणून पाणी काढतात, ते तुम्ही पाहिले असेल. सोनोरा आणि मोहावी वाळवंटांतील मोकाट गाढवे व घोडे खुरांनी नेमके हेच करतात, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. काही खड्डे तर दोन मीटरपर्यंत खोल होते! त्यांवर इतर वन्य प्राणी व पक्षी पाणी पिण्यास येत, आणि सोडून दिलेल्या खड्ड्यांत नदीकाठच्या झाडांची रोपे उगवत. पुढच्याच वर्षी डेथ व्हॅलीतील अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे जिथे प्यूमा गाढवांची शिकार करतात, तिथे गाढवे पाणथळ जागी कमी रेंगाळतात आणि तुडवातुडवही कमी होते. म्हणजे झऱ्याची नासाडी करणारे आणि कोरड्या पात्रात पाणी काढणारे गाढव एकच. कोठे काय घडते, हे जागोजागी मोजावे लागते.

डेथ व्हॅलीच्या राष्ट्रीय उद्यानाला गाढवे नकोच आहेत. पण 2018 मध्ये तेथे ती मारण्याऐवजी जिवंत पकडून नेण्याचा करार एका गाढवसंरक्षक संस्थेशी झाला. पाणवठ्याभोवती कुंपण घालायचे, आत जाण्याचे दार उघडे ठेवायचे आणि तहानलेले गाढव आपणहून येण्याची वाट पाहायची, ही पकडण्याची एक जुनी रीत आहे.